अमेरिकेत ट्रक, बस, विमान किंवा सरकारी नोकरी: ड्रग टेस्टचे नियम नवख्यांसाठी

अमेरिकेत सीडीएल, म्हणजे व्यावसायिक वाहनाचा परवाना, हातात पडला म्हणून कंपनी लगेच ट्रकची किल्ली देत नाही. आधी ड्रग टेस्ट निगेटिव्ह यावी लागते. विमान कंपनी, रेल्वे, शहर बस, फेरीबोट, गॅसची पाइपलाइन, सगळीकडे तेच. फेडरल सरकारच्या काही पदांनाही हेच लागू आहे, फक्त त्यांचे नियम थोडे वेगळे आहेत.

आयुष्यात कधी सिगारेटलाही हात न लावलेला माणूस या टेस्टमध्ये अडकू शकतो, हे नव्याने आलेल्यांना पटत नाही. लघवी होईना म्हणून कंटाळून घरी निघून गेला, अनोळखी नंबर दिसला म्हणून डॉक्टरांचा फोन घेतला नाही, झोप येत नव्हती म्हणून कुणीतरी दिलेली सीबीडीची, म्हणजे गांजाच्या जातीच्या रोपातल्या अर्काची, गोळी खाल्ली. यातली कोणतीही एक गोष्ट नोकरी घालवायला पुरेशी आहे. आणि उलट बाजूही तितकीच खरी: याच नियमांत कर्मचाऱ्याच्या बाजूने इतक्या तरतुदी आहेत की त्या ठाऊक असलेल्या माणसावर सहसा अन्याय होत नाही. म्हणून हा सगळा प्रवास टप्प्याटप्प्याने समजून घ्या.

आधी बघा, तुम्ही कोणत्या नियमाखाली येता

वाहतुकीतल्या टेस्टचा मूळ नियम एकच आहे: परिवहन खात्याचा, म्हणजे डीओटीचा ‘भाग ४०’. नमुना कसा घ्यायचा, लॅबने काय करायचं, डॉक्टरने काय विचारायचं, हे सगळं त्यात आहे. टेस्ट कुणाची आणि कधी करायची, हे मात्र प्रत्येक क्षेत्राची यंत्रणा ठरवते. ट्रक आणि शहरी सेवेबाहेरच्या बसगाड्यांसाठी एफएमसीएसए, विमानासाठी एफएए, रेल्वेसाठी एफआरए, शहरी सार्वजनिक वाहतुकीसाठी एफटीए, पाइपलाइनसाठी पीएचएमएसए आणि जहाजांसाठी कोस्ट गार्ड. कोस्ट गार्ड परिवहन खात्यात नाही, तरी नमुना घेण्याची पद्धत भाग ४० चीच वापरतं.

पदाचं नाव काय आहे याला महत्त्व नाही, काम सुरक्षेशी संबंधित आहे का, एवढंच बघितलं जातं. २६,००१ पौंड किंवा त्याहून जास्त वजनाचा ट्रक, ड्रायव्हर धरून सोळा किंवा अधिक माणसांची बस, किंवा धोकादायक मालाची पाटी लावावी लागणारी गाडी चालवत असाल तर तुम्ही नियमात आलात. विमानात पायलटच नव्हे, तर केबिन क्रू, मेकॅनिक आणि डिस्पॅचरही येतात. नगरपालिकेत बर्फ उपसणारी मोठी गाडी चालवणारा येतो, त्याच इमारतीत कारकुनी करणारा येत नाही. स्वतःच्या मोटारीतून प्रवासी नेणारे ॲप टॅक्सीवाले या नियमात नाहीत.

फेडरल कंत्राटावर काम करणाऱ्या कंपनीत आयटीची नोकरी लागली की बरेच जण घाबरून विचारतात. १९८८ चा ड्रग-फ्री वर्कप्लेस कायदा अशा कंपनीला नशामुक्तीचं धोरण ठेवायला लावतो, पण टेस्ट घ्यायलाच पाहिजे असं त्यात नाही. कंपनी स्वतःच्या धोरणानुसार टेस्ट घेऊ शकते. ती मग कंपनीची टेस्ट, डीओटीची नव्हे. हा फरक ट्रकवाल्यांनीही ध्यानात ठेवावा. काही मोठ्या कंपन्या स्वतःहून केसांची तपासणी करतात. ती वेगळी, तिचा फॉर्म वेगळा. डीओटीच्या टेस्टसाठी फेडरल फॉर्मच वापरावा लागतो. फॉर्म हातात आला की वर काय छापलंय ते आधी वाचा.

एवढा कडकपणा कशासाठी

४ जानेवारी १९८७ ला मेरीलँडमधल्या चेस या गावाजवळ कॉनरेल या मालगाड्यांच्या कंपनीची इंजिनं लाल सिग्नल ओलांडून ॲमट्रॅकच्या प्रवासी गाडीच्या वाटेत आली. सोळा जण मेले. इंजिन चालवणाऱ्याच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. ऑगस्ट १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरजवळ दारू प्यायलेल्या मोटरमनची भुयारी गाडी घसरली आणि पाच प्रवासी गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, वाहतूक कर्मचाऱ्यांच्या टेस्टचा कायदा झाला. त्याआधी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितलं होतं की लोकांचा जीव ज्यांच्या हातात आहे त्यांची अशी तपासणी राज्यघटनेला धरून आहे. कागदपत्रांचा कंटाळा आला की हे अपघात आठवावेत. या नियमांमुळे त्रास होतो हे खरं, पण ते असायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे.

काय शोधतात

डीओटीच्या टेस्टमध्ये पाच गट आहेत: गांजा, कोकेन, ॲम्फेटामाइन (उत्तेजक द्रव्यं), ओपिऑइड (अफूच्या जातीचे पदार्थ) आणि पीसीपी (भ्रम निर्माण करणारं एक ड्रग). ॲम्फेटामाइनच्या गटात मेथ आणि एक्स्टसीही आलं. ओपिऑइडमध्ये हेरॉइन, मॉर्फिन, कोडीन तर आहेतच, पण १ जानेवारी २०१८ पासून हायड्रोकोडोन आणि ऑक्सिकोडोनसारखी, डॉक्टर लिहून देतात ती वेदनाशामकंही त्यात घातली. दाताची शस्त्रक्रिया झाली की घरात उरणाऱ्या गोळ्या नेमक्या याच असतात. बायकोच्या नावाच्या बाटलीतली एक गोळी तुम्ही घेतली, तर ते तुमचं औषध ठरत नाही.

प्रत्येक पदार्थाला ठरावीक मर्यादा आहे. गांजासाठी पहिल्या चाचणीत लघवीच्या एका मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅम आणि खात्रीच्या चाचणीत १५. त्याखाली आलं तर निगेटिव्ह. थोडं होतं पण मर्यादेखाली होतं, असा शेरा कंपनीकडे जात नाही.

नोकरी लागण्याआधी: क्लिअरिंगहाऊस

ट्रक किंवा बस चालवणार असाल तर टेस्टच्याही आधीचं काम ऑनलाइन आहे. ६ जानेवारी २०२० पासून एफएमसीएसएचं ‘क्लिअरिंगहाऊस’ सुरू आहे. ज्या सीडीएल ड्रायव्हरने नियम मोडला त्याची नोंद तिथे होते. नवीन कंपनीला तुम्हाला गाडी देण्याआधी तिथे तुमची पूर्ण चौकशी करावी लागते आणि तुमची संमती तुम्ही स्वतः लॉगिन करूनच द्यायची असते. कागदावरची सही चालत नाही. म्हणून नोकरी शोधायला लागलात की लगेच खातं उघडून ठेवा. त्यासाठी आधी लॉगिन-डॉट-गव्ह या सरकारी साइटवरचं खातं लागतं. सीडीएलचा नंबर आणि राज्य परवान्यावर आहे तसंच भरा. एखादा अंक चुकला की कंपनीची विनंती तुमच्यापर्यंत पोचत नाही आणि रुजू होण्याची तारीख हातची जाते.

पूर्वी एका राज्यात नापास झालेला ड्रायव्हर दुसऱ्या राज्यात जाऊन गुपचूप नोकरी धरायचा. ती वाट आता बंद झाली आहे. शिवाय १८ नोव्हेंबर २०२४ पासून क्लिअरिंगहाऊसमध्ये ‘मनाई’ असा शेरा पडला की राज्याला तुमचा सीडीएलच काढून तुम्हाला साध्या परवान्यावर आणावं लागतं.

नमुना देण्याच्या खोलीत

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

जाताना फोटो असलेलं मूळ ओळखपत्र न्या, झेरॉक्स चालत नाही. नमुना घेणारा माणूस आधी ओळख पटवतो, मग जॅकेट, टोपी काढायला सांगतो आणि खिसे रिकामे करून दाखवायला लावतो. पाकीट तुम्ही जवळ ठेवू शकता. मग त्याच्यासमोर हात धुवायचे. त्यानंतर बंद किट उघडलं जातं. सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. ते आधीच उघडं दिसलं तर शांतपणे दुसरं मागा.

शौचकुपातलं पाणी निळं केलेलं असतं, म्हणजे कुणी त्यातलं पाणी भांड्यात ओतू नये. नळही बहुधा बंद केलेला असतो. आत फक्त भांडं न्यायचं. किमान ४५ मिलिलिटर लघवी लागते. फ्लश करायचं नाही.

बाहेर आलात की भांडं त्याच्या हातात द्या आणि तिथेच उभे राहा. चार मिनिटांच्या आत तो तापमान बघतो. ते ९० ते १०० फॅरनहाइट, म्हणजे ३२ ते ३८ सेल्सिअसच्या दरम्यान हवं. त्यात नसेल तर लगेच दुसरा नमुना द्यावा लागतो, आणि तोही कुणीतरी समोर उभं राहून बघत असताना. बघणारी व्यक्ती तुमच्याच लिंगाची असावी लागते. हा प्रकार अवघड वाटतो, पण त्याला नकार देणं म्हणजे टेस्टलाच नकार.

सगळं ठीक असेल तर तो ३० मिलिलिटर एका बाटलीत आणि १५ मिलिलिटर दुसऱ्या बाटलीत ओततो. पहिली ‘अ’ बाटली, दुसरी राखीव ‘ब’. दोन्हींवर सील लागतं, तारीख पडते आणि सीलवर तुम्ही आद्याक्षरं करता. हे होईपर्यंत बाटल्या तुमच्या नजरेआड होता कामा नयेत. फोन वाजला म्हणून पाठ फिरवू नका. पुढे कधी वाद झाला तर ‘माझ्यासमोर सील झालं’ ही तुमची सही कामाला येते, ती खरी असू द्या.

फॉर्मच्या पाच प्रती असतात. लॅबकडे जाणाऱ्या प्रतीवर तुमचं नाव नसतं, फक्त नमुन्याचा नंबर असतो. दुसऱ्या प्रतीवर तुम्ही सही करता आणि दिवसाचा व संध्याकाळचा फोन नंबर लिहिता. हे नंबर नीट, वाचता येतील असे लिहा. कशासाठी ते पुढे येईल. पाचवी प्रत तुमची. कोणती औषधं चालू आहेत ते आठवणीसाठी तिच्या मागे लिहून ठेवा. ती यादी नमुना घेणाऱ्याला द्यायची गरज नाही आणि त्याने मागूही नये.

लघवी झालीच नाही तर? बऱ्याच जणांना परक्या जागी होत नाही. नियम यासाठी तीन तास देतो. त्या वेळात थोडं थोडं करून ४० औंसपर्यंत, म्हणजे साधारण १.२ लिटर पाणी पिता येतं. पाणी प्यायला नकार दिला तरी चालतं, पण इमारत सोडून गेलात तर संपलं. ‘मुलाला शाळेतून आणायचंय, तासाभरात येतो’ असं सांगून गेलेला माणूससुद्धा नियमाप्रमाणे ‘नकार’ ठरतो. तीन तासांनंतरही जमलं नाही तर पाच कामकाजी दिवसांत डॉक्टरांची तपासणी होते. काही शारीरिक कारण किंवा आधीपासूनची नोंद असलेली मानसिक स्थिती असेल तरच ते ग्राह्य धरतात. लाज वाटली, घाबरलो, पाणी कमी प्यायलो, ही कारणं चालत नाहीत.

आणि भीतीपोटी आदल्या रात्रीपासून बाटल्यावर बाटल्या पाणी पिऊ नका. नमुना पातळ निघतो. थोडा पातळ असेल तर कंपनी पुन्हा बोलावू शकते, फारच पातळ असेल तर नजरेखाली पुन्हा द्यावा लागतो. मानवी लघवीशी जुळतच नाही इतका पातळ निघाला तर तो ‘बदललेला नमुना’ समजतात, आणि पडताळणीत त्याला वैद्यकीय कारण मिळालं नाही तर तोही नकार.

लाळेची टेस्टही डीओटीने २०२३ च्या नियमाने मान्य केली आहे, पण ती प्रत्यक्षात यायला फेडरल आरोग्य खात्याने प्रमाणित केलेल्या किमान दोन लॅब लागतात. तुमच्या कंपनीने लघवीच सांगितली तर त्यात वावगं काही नाही.

डॉक्टरांचा फोन

लॅबचा रिपोर्ट थेट कंपनीकडे जात नाही. मधे एमआरओ असतो, म्हणजे रिपोर्ट पडताळणारा डॉक्टर. कर्मचाऱ्यासाठी यापेक्षा मोठं संरक्षण या व्यवस्थेत दुसरं नाही. लॅबने पॉझिटिव्ह म्हटलं तरी एमआरओने तुमच्याशी बोलून ते कायम करेपर्यंत कंपनीला काही कळत नाही, आणि कंपनीला तुम्हाला कामावरून बाजूला करता येत नाही. काही मोजक्या कंपन्यांनी त्यासाठी खास परवानगी घेतलेली असते, एवढा अपवाद.

एमआरओ तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या नंबरवर चोवीस तासांत किमान तीनदा फोन करायचा प्रयत्न करतो. मिळाला नाहीत तर कंपनीच्या माणसाला सांगतो, ‘याला मला फोन करायला सांगा’. कंपनीचा निरोप मिळाल्यापासून तुमच्याकडे ७२ तास. त्यात फोन केला नाही तर तुमची बाजू न ऐकताच रिपोर्ट पॉझिटिव्ह कायम होतो. म्हणून टेस्टनंतरच्या आठवड्यात अनोळखी नंबरचे फोन घ्या आणि व्हॉइसमेल भरलेला ठेवू नका. लांबच्या फेरीवर असाल तर गाडी सुरक्षित जागी लावा आणि परत फोन करा.

बोलताना खरं सांगा. औषध तुमच्या नावावर, तुमच्या डॉक्टरने लिहून दिलेलं असेल तर फार्मसीचा नंबर द्या, एमआरओ खात्री करतो आणि रिपोर्ट निगेटिव्ह जातो. मात्र ते औषध घेऊन गाडी चालवणं धोक्याचं आहे असं त्याला वाटलं तर तो तुमच्या डॉक्टरने त्याच्याशी बोलावं म्हणून पाच कामकाजी दिवस देतो. त्या दिवसांत स्वतः डॉक्टरच्या मागे लागा, क्लिनिकवर विसंबू नका.

आता आपल्या घरांतले काही प्रश्न.

गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर आहे, मेडिकल मारिवानाचं कार्ड आहे, डॉक्टरची शिफारस आहे, तरीही उपयोग शून्य. नियमात स्पष्ट लिहिलंय की या कारणावरून एमआरओने रिपोर्ट निगेटिव्ह करायचा नाही. सीबीडीचं तेल, हेम्पच्या (गांजाच्याच जातीच्या रोपाच्या) गोळ्या, यांचंही तेच. बाटलीवर ‘टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) नाही’ असं छापलेलं असलं तरी त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. डीओटीने फेब्रुवारी २०२० मध्येच याबद्दल जाहीर ताकीद दिली होती. शिवरात्रीला किंवा होळीला घेतलेली भांग हा गांजाच, आणि ‘मला न सांगता थंडाईत घातली’ हे सांगूनही सुटका नाही. नकळत पोटात गेलं, शेजारचा ओढत होता, ही कारणं ऐकायची नाहीत असा एमआरओला आदेश आहे. भारतातून आणलेल्या काही आयुर्वेदिक औषधांत ‘विजया’ असते, ती म्हणजे भांगच. डब्यावरचे घटक वाचल्याशिवाय चूर्ण किंवा गोळी घेऊ नका.

खसखशीची गोष्ट वेगळी आहे. अनारशावरची, मसाल्यातली खसखस खरोखरच मॉर्फिनचे अंश देऊ शकते. म्हणूनच १९९८ मध्ये मॉर्फिन-कोडीनची मर्यादा ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली. त्याहून वर आलं तरी १५,००० च्या आत असेल तर गैरवापराची वैद्यकीय खूण सापडल्याशिवाय एमआरओ पॉझिटिव्ह ठरवू शकत नाही. १५,००० ओलांडलं की मात्र पुरावा द्यायची जबाबदारी तुमची, आणि ‘खाण्यातून आलं’ हे उत्तर बाद. माझा सल्ला सरळ आहे: हे काम करत असेपर्यंत खसखशीची खीर, खसखस घातलेली रोटी आणि त्यावरचे बेगल टाळा.

भारतातून आणलेलं कोडीनचं खोकल्याचं औषध असेल तर तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा. परदेशात कायदेशीरपणे घेतलेलं, खऱ्या आजारासाठी आणि योग्य प्रमाणात वापरलेलं औषध एमआरओ मान्य करू शकतो, पण ते सिद्ध तुम्ही करायचं असतं. मावशीने ‘घे, लगेच बरं वाटेल’ म्हणून बॅगेत घातलेली बाटली सिद्ध करता येत नाही.

पॉझिटिव्ह कायम झालं आणि ते चुकीचं आहे अशी तुमची खात्री असेल तर ‘ब’ बाटली आहे. एमआरओने कळवल्यापासून ७२ तासांत ती तपासायला सांगा. तोंडी सांगितलं तरी चालतं. ती वेगळ्या लॅबमध्ये जाते. पैसे आत्ता नाहीत म्हणून कंपनी ती तपासणी अडवू शकत नाही, खर्च नंतर मागू शकते. तोवर कामावरून बाजूला मात्र राहावं लागतं.

रुजू झाल्यावर: अचानक, संशयावरून, अपघातानंतर

अचानक होणाऱ्या टेस्टसाठी नावं संगणकाने निघतात. ट्रक क्षेत्रात वर्षभरात ड्रायव्हरांच्या संख्येच्या निदान ५० टक्के इतक्या ड्रग टेस्ट आणि १० टक्के इतक्या दारूच्या टेस्ट व्हाव्या लागतात. ५० टक्के हा आकडा २०२० पासूनचा, आधी २५ होता. प्रत्येक वेळी सगळी नावं पुन्हा यादीत असतात, त्यामुळे लागोपाठ दोनदा तुमचं नाव निघालं तर कुणी डूख धरलाय असं समजू नका. निरोप मिळाला की लगेच निघायचं, जेवून नाही आणि घरी जाऊन नाही.

स्वतःचा एकच ट्रक असलेले मालक-ड्रायव्हर ‘मी माझाच मालक, माझी टेस्ट कोण घेणार’ असं समजतात. त्यांना कन्सॉर्शियममध्ये, म्हणजे अनेकांच्या टेस्ट एकत्र सांभाळणाऱ्या संस्थेत, नाव नोंदवावंच लागतं, आणि ऑडिटमध्ये हा कागद पहिल्यांदा मागतात.

संशयावरून टेस्ट फक्त प्रशिक्षित सुपरवायझरच सांगू शकतो, आणि त्याने प्रत्यक्ष काय पाहिलं हे नेमकं नोंदवावं लागतं: तोंडाचा वास, अडखळणारं बोलणं, तोल जाणं. ‘मला कुणीतरी सांगितलं’ एवढ्यावर चालत नाही. तरीही तिथल्या तिथे हुज्जत घालू नका. टेस्ट द्या, तक्रार नंतर करा.

ट्रकच्या अपघातानंतर कुणी दगावलं तर टेस्ट होतेच. कुणाला घटनास्थळावरून उपचारासाठी न्यावं लागलं किंवा गाडी ओढून न्यावी लागली, तर तुमच्यावर पोलिसांचं तिकीट निघालं असेल तेव्हा टेस्ट होते. दारूची टेस्ट शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त आठ तासांत, ड्रगची ३२ तासांत. त्या आठ तासांत, टेस्ट होईपर्यंत, दारूचा थेंबही घ्यायचा नाही. धक्का बसला म्हणून घोटभर घेणंही नियमभंग आहे. आधी जखमींना मदत, हे नियमातही लिहिलेलं आहे. रेल्वेच्या मोठ्या अपघातात लघवीबरोबर रक्तही घेतात.

दारू

दारूची टेस्ट श्वासाची, आणि ती ड्युटीच्या लगेच आधी, ड्युटीत किंवा लगेच नंतरच होते. ड्रायव्हरने ड्युटीच्या चार तास आधीपासून पिता कामा नये, विमानाच्या क्रूने आठ तास. पहिल्या फुंकरीत ०.०२ किंवा जास्त आलं तर किमान पंधरा मिनिटं थांबवून दुसरी घेतात, म्हणजे माउथवॉश किंवा खोकल्याच्या औषधाचा तोंडातला अंश निघून जावा. या वेळात काही खाऊ-पिऊ नका. दुसऱ्या फुंकरीचा आकडाच धरला जातो. ट्रक ड्रायव्हरला ०.०२ ते ०.०३९ आलं तर किमान २४ तास गाडी नाही. ०.०४ किंवा वर आलं तर तो नियमभंग, ड्रग पॉझिटिव्ह इतकाच गंभीर.

पॉझिटिव्ह किंवा नकार झाल्यावर परतीची वाट

सुरक्षेचं काम त्याच क्षणी थांबतं. कंपनी काढून टाकू शकते, कामावर ठेवलंच पाहिजे असं डीओटीचा नियम म्हणत नाही. पण व्यसनविषयक तज्ज्ञांची, म्हणजे एसएपींची, यादी तिने तुम्हाला द्यायची असते. तज्ज्ञ मूल्यमापन करतो, शिक्षण किंवा उपचार सांगतो, ते झाल्यावर पुन्हा भेटतो. एका तज्ज्ञाचं मत आवडलं नाही म्हणून दुसऱ्याकडे जाता येत नाही. मग नजरेखाली कामावर परतण्याची टेस्ट, आणि ती निगेटिव्ह आल्यावर पहिल्या बारा महिन्यांत कमीत कमी सहा अचानक टेस्ट, त्याही नजरेखाली. तज्ज्ञाला वाटलं तर हा सिलसिला ६० महिने चालू शकतो. क्लिअरिंगहाऊसमधली नोंद पाच वर्षं, किंवा हे सगळं पूर्ण होईपर्यंत, यातलं जे उशिराचं असेल तोवर राहते. विमान क्षेत्रात दोनदा पॉझिटिव्ह आलं तर ते काम कायमचं बंद.

वाट लांब आणि खर्चिक आहे, पण ती आहे. घरातल्या कुणावर अशी वेळ आली तर लाजेने नोकरी बदलून ते लपवायच्या मागे लागू नका, नोंद सोबतच येते. पहिल्या आठवड्यातच तज्ज्ञाची वेळ घ्या.

ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. फेडरल कायद्यात गांजा अजूनही नियंत्रित पदार्थ आहे. राज्यात तो दुकानात मिळत असला तरी नागरिकत्वाच्या अर्जात गांजाचा वापर आड येऊ शकतो, हे इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. असा प्रश्न आला तर कुठेही काही लिहून देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

फेडरल सरकारी नोकरी

१५ सप्टेंबर १९८६ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी काढलेल्या आदेश क्रमांक १२५६४ वर हे उभं आहे. प्रत्येक फेडरल कर्मचाऱ्याने नशेपासून दूर राहायचं, ड्युटीवर असो की नसो. पण अचानक टेस्ट सगळ्यांची होत नाही, फक्त ‘टेस्टिंगसाठी नेमलेल्या’ पदांची होते: शस्त्र बाळगणारे, गोपनीय माहिती हाताळणारे, लोकांच्या सुरक्षेशी संबंध असलेले. यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या साइटवरच्या जाहिरातीत ड्रग टेस्टचा रकाना असतो, अर्ज करण्याआधी तो बघा. फेडरल कर्मचाऱ्यांच्या टेस्टमधली पदार्थांची यादी आणि डीओटीची यादी पूर्ण सारखी नाही. फेंटानिल हे तीव्र ओपिऑइड फेडरल कर्मचाऱ्यांच्या यादीत जुलै २०२५ पासून आलं. डीओटीच्या यादीत कोणताही पदार्थ यायला डीओटीला स्वतःचा नियम बदलावा लागतो.

याच आदेशात एक तरतूद आहे जी फार कमी जणांना माहीत असते. पकडले जाण्याआधी, टेस्टचा निरोप येण्याआधी, तुम्ही स्वतःहून कर्मचारी साहाय्य कार्यक्रमाकडे गेलात, व्यसन कबूल केलंत, समुपदेशन घेतलंत आणि पुढे दूर राहिलात, तर खातं शिस्तभंगाची कारवाई टाळू शकतं. टेस्टचा निरोप हातात पडल्यावर ही सवलत मिळत नाही. ज्याला गरज आहे त्याने साहाय्य कार्यक्रमाचा नंबर आजच शोधावा. तो तुमच्या खात्याच्या मनुष्यबळ विभागाच्या पानावर असतो.